वाघाला छप्पर नको

लाडकीबाय धांगडाला ‘नाय’ म्हणायला कधी कारण लागलं नाही. ‘हो’ म्हणायचं असलं की मात्र ती बराच वेळ घ्यायची. ताडीच्या मडक्यावरचं फडकं उचलून आत बघायची, माश्या हाकलायची, हायवेवरून जाणाऱ्या ट्रककडे बघत राहायची, आणि मग म्हणायची, “बरा, चालंल.” तेही आपल्यावर उपकार केल्यासारखं. तिच्या तोंडून मी ऐकलेले होकार मोजकेच आहेत. त्यातला एक होकार असा होता की त्यात नुकसान तिचंच होतं, आणि नेमका तो देताना तिनं अजिबात वेळ घेतला नाही. मला सांगायचं आहे ते त्याबद्दल. पण आधी बाई कोण ते कळायला हवं.

चारोटीहून तलासरीकडे निघालं की ढाबे, टायरवाले, लॉज यांची रांग हळूहळू विरळ होते आणि सर्व्हिस रोडच्या कडेला ताडाची झाडं लागतात. तिथून आत शेवरपाडा. काही कुडाची घरं, काही विटांची, उतारावर भाताची खाचरं, खाली ओहोळ आणि ओहोळाच्या काठी पाड्याची एकुलती एक विहीर. ताडांच्या सावलीत एका सपाट दगडावर लाडकीबाय बसायची. गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं लुगडं, कानात जाड बाळ्या, अंबाड्यात बहुतेक वेळा एखादं रानफूल. वय विचारलं तर “हायवे बारीक होता तवा मी लग्न होऊन आले” एवढंच उत्तर मिळे. मुलगा रमेश सकाळी झाडावर चढून मडकी उतरवायचा आणि विकायचं काम हिचं. सरकारनं बहिणी लाडक्या केल्या तेव्हा ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची, “मी त्येंच्या आधीपासून लाडकी आहा.”

माझी तिची गाठ पडली ती नोकरीमुळे. मी एका पर्यावरण सल्लागार कंपनीत काम करतो. डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीनं नाजूक ठरवलेला आहे. इथे कुठली जमीन कशाला वापरायची याचा नवा नियम करायचा, तर त्यानं पाण्याचं, झाडांचं, माणसांचं काय होईल ते आधी लिहून द्यावं लागतं. ते लिहिणारे आम्ही. त्या वर्षी आमच्याकडे आलेला मसुदा बार, परमिट रूम, ऑर्केस्ट्रा, लॉज असल्या धंद्यांना जागा ठरवून देणारा होता. पलीकडे गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे हद्दीच्या अलीकडे हे धंदे कसे फोफावतात ते इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. शहरातल्या सभ्य माणसांना ते आपल्या दारात नको होते, पण बंद व्हायलाही नको होते. म्हणून मसुद्यानं तोड काढली. शाळा, दवाखाना आणि धार्मिक स्थळ यांच्यापासून ठरावीक अंतराच्या आत यातलं काहीही असणार नाही, आणि जी जागा उरेल तिथे एक ‘प्रौढ करमणूक क्षेत्र’ आखायचं. हे नाव ज्याला सुचलं त्याला माझा दंडवत. पाड्यावरच्या अर्ध्या लोकांना वाटलं, म्हाताऱ्यांना अक्षरं गिरवायला लावणारे पुन्हा आले.

नकाशेवाल्यांनी प्रत्येक शाळेभोवती, दवाखान्याभोवती, देवळाभोवती गोल काढला. गोलांच्या गर्दीत एक पांढरा तुकडा शिल्लक राहिला, तो शेवरपाडा. पाड्यावर शाळा नव्हती, पोरं सायवनच्या आश्रमशाळेत असायची. दवाखाना नव्हता. देऊळ नव्हतं. सगळं नियमात चोख बसत होतं. आमचे वरिष्ठ पेंडसे साहेब नकाशा बघून समाधानानं म्हणाले होते, “चला, कुणालाच त्रास नाही अशी जागा निघाली एकदाची.”

ती जागा बघायला आम्ही दोघे गेलो. लाडकीबायनं आधी साहेबांच्या बुटांकडे आणि मग माझ्या हातातल्या टेपकडे पाहिलं.

“काय मोजतंस, मास्तर?”

खांद्याला पिशवी आणि हातात कागद असलेला कुणीही तिच्या लेखी मास्तरच. मी मास्तर नाही असं सांगितलं तर म्हणाली, “होशील.” मग मी तिला सांगितलं की इथे बार आणि लॉज येणार आहेत, म्हणून शाळा किती लांब, देऊळ किती लांब ते बघतोय.

“आन माणसं किती लांब?”

पेंडसे साहेब हसले. “बाई, माणसांपासून अंतर ठेवायचा काही नियम नाही.”

“मंग तुमचा नियम अर्धाच आहा,” ती म्हणाली आणि समोर उभ्या असलेल्या ट्रकवाल्याला ग्लास भरून दिला.

साहेब मनानं सरळ माणूस, पण उन्हानं कावले होते. त्यांनी मोजणीच्या यंत्राच्या स्टँडच्या काठ्या शेजारच्या उभ्या दगडाला टेकवल्या आणि कपाळ पुसायला लागले. लाडकीबाय अशी काही ओरडली की साहेब दचकून मागे सरले. दगडाला शेंदूर होता. त्यावर वाघ कोरलेला, वर चंद्र आणि सूर्य. ऊनपावसानं इतका झिजला होता की जवळ जाऊन पाहिल्याशिवाय वाघ दिसत नव्हता.

“वाघदेव आहा तो. उचला काठ्या.”

आम्ही काठ्या उचलल्या. साहेबांनी घाईघाईनं नमस्कार केला आणि मग, माणूस चुकला की उगाच दुसऱ्याची चूक शोधतो तसं, विचारलं, “देवाच्या पुढ्यात बसून ताडी विकता?”

“त्येला विचारून बसले. त्यो नाय बोलला नाय.”

हा वाघदेव पाड्याच्या शिवेवर उभा होता, उघड्यावर. दिवाळीच्या तोंडावर वाघबारसेला सगळा पाडा इथे जमायचा. नारळ, कोंबडा आणि ताडीची धार. ताडी आधी देवाला, मग जमलेल्या सगळ्यांना, पाहुणा असो की वाट चुकलेला. त्या ताडीचे पैसे घ्यायचे नाहीत ही रीत. एरवीही लाडकीबाय रोज सकाळी पहिल्या मडक्यातली पहिली धार त्या दगडावर सोडायची आणि मगच दुकान मांडायची. मी एकदा गमतीनं विचारलं की वाघ रोज पितो का. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

त्यानंतर मी पाड्यावर वरचेवर जायला लागलो. कामापुरतं जायचं ते हिच्यापाशी बसायला म्हणून जायला लागलो, हे साहेबांच्याही लक्षात आलं होतं. बाईची विकण्याची तऱ्हाच बघण्यासारखी होती. गिऱ्हाइकाला देण्याआधी ती स्वतः घोटभर प्यायची, तोंडात घोळवायची, आणि पटलं तरच विकायची. ऊन चढलं की ताडी आंबून कडक होते. कडक ताडीला गिऱ्हाईक जास्त, पण ऊन चढलं की ही मडक्यावर फडकं टाकायची आणि मग कुणी कितीही गयावया केली तरी एकच उत्तर. रस्त्याकडेला मोटारसायकली लावून तरणी पोरं वाद घालायची, दुप्पट पैसे देतो म्हणायची. ती पदरानं वारा घेत बसायची.

एकदा वापीकडचे एक गृहस्थ गाडी घेऊन आले. साखर कारखान्याचे मॅनेजर शोभावेत असे, पांढरा सदरा, सोन्याची चेन. हद्द ओलांडल्याच्या आनंदात ते जरा जास्तच प्यायले आणि गाडीची किल्ली शोधायला लागले. किल्ली लाडकीबायच्या कमरेला होती. “नाय,” ती म्हणाली. त्यांनी हिंदीत धमकावलं, गुजरातीत विनवलं, मग ताडाखाली पसरलेल्या गोणपाटावर बसले आणि बसल्या बसल्या झोपले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजायला लागला. लाडकीबायनं तो उचलला, ऐकलं आणि अगदी मायेनं म्हणाली, “बेन, तमारो वर अहीं सूतो छे. सारो छे. उठशे एटले मोकलीश.” म्हणजे नवरा इथे झोपलाय, बरा आहे, उठला की पाठवते. पलीकडून बाई रडत होती की ओरडत होती ते कळलं नाही. संध्याकाळी गृहस्थ उठले, तोंड धुऊन, हात जोडून गेले. पुढच्या खेपेला बायकोलाच बरोबर घेऊन आले, तिला ही बाई दाखवायला.

समुद्राशी हिचा काही संबंध नव्हता, पण वाढवणच्या बंदराविरुद्ध मच्छीमारांचा मोर्चा निघाला तेव्हा ही डोंगराकडची बाई टेम्पोत बसून गेली होती. मी विचारलं, तुम्ही कशाला गेलात? म्हणाली, “समिंदर मी त्या दिशीच बघला. नाय आवडला. खारा आहा. पण त्येंचा आहा ना!”

तिच्या घराच्या मागच्या खोलीत रुबी नावाची एक मुलगी भाड्यानं राहत होती. चारोटीच्या एका बारमध्ये ऑर्केस्ट्रात गाणारी. कुठून आली होती ते तिनं कधी सांगितलं नाही आणि लाडकीबायनं विचारलं नाही. दोघींचं भांडण रोज व्हायचं, विषय बहुतेक वेळा आंघोळीचं पाणी. रुबी बादल्यावर बादल्या ओतायची आणि ही बाहेरून ओरडायची, “पोरी, नदीत निजलीस का?” मसुद्याची बातमी पसरली तशी शहरातल्या काही बायका सह्यांचा कागद आणि शाईचं पॅड घेऊन पाड्यावर आल्या. म्हणाल्या, असल्या बायका वस्तीत ठेवू नका, संस्कार बिघडतात, इथे अंगठा उठवा, आम्ही वरपर्यंत पोचवतो आणि तुमचं क्षेत्र रद्द करून आणतो. लाडकीबायला क्षेत्र नकोच होतं. आयता आधार चालून आला होता. तिनं त्यांना ताडगोळे खाऊ घातले, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुमच्या घरचा कोनी तठं गाना ऐकाला जात नाय?”

बायका उठल्या. एकीनं जाता जाता सुनावलं की तुम्हालाही तसलीच सोबत आवडते वाटतं. त्यावर ती म्हणाली, “ती माझ्या विहिरीचा पाणी भरते. जी विहिरीचा पाणी भरते ती पाड्याची.” आणि अंगठा काही उठला नाही.

रुबी दाराआडून ऐकत होती. बायका गेल्यावर बाहेर येऊन तिनं विचारलं, “मौसी, पर साहब लोगों के आगे बोलोगी तो आप भी हमारे खिलाफ ही ना?”

“तुझ्या नाय गं. तुझ्या शेठच्या संडासाच्या टाकीच्या.”

खरा प्रश्न तोच होता आणि तो त्या विहिरीचा होता. उन्हाळ्यात ओहोळ आटायचा, पण विहिरीला पाणी राहायचं, कारण वरच्या उतारात मुरलेलं पाणी झिरपत खाली यायचं. नेमका तोच उतार लॉजसाठी रंगवलेला होता. वर बोअर पडले तर खाली पाणी येणार नव्हतं, आणि वर मैल्याच्या टाक्या बसल्या तर जे येईल ते पिता येणार नव्हतं. हे मी आढाव्यात स्वच्छ लिहिलं. साहेबांनी वाचलं, मान डोलावली आणि सांगितलं की मसुद्याप्रमाणे विहीर हे जागा नाकारण्याचं कारण होत नाही. अशा ठिकाणी ‘उपाय’ लिहायचा असतो. उपाय काय, तर टँकर. ज्या पाड्याला विहीर आहे त्याला आधी विहिरीवरून उठवायचं आणि मग टँकर पाठवायचा, याला आमच्या भाषेत उपाय म्हणतात. मला तेव्हा राग आला होता आणि अजूनही येतो. जागा नाकारता येईल अशी कारणं तीनच. शाळा, दवाखाना, धार्मिक स्थळ; आणि उघड्यावरचा दगड नकाशेवाले धार्मिक स्थळ धरत नव्हते.

यातलं शेवटचं कारण बरोबर हेरलं भाऊंनी. त्यांना सगळे नुसतं भाऊच म्हणत. पांढरी गाडी, बरोबर नेहमी फोटो काढणारा एक माणूस, आणि निवडणूक तोंडावर आलेली. भाऊ पाड्यावर आले आणि म्हणाले, सोप्पं आहे, वाघदेवाला देऊळ बांधू. चार भिंती, वर स्लॅब, कळस, पाटी. विटा-सिमेंट माझं. देऊळ दिसलं की नकाशात ठिपका, ठिपक्याभोवती गोल, आणि तुमचा पाडा सुटला. दुसऱ्या दिवशी विटांचा ट्रक ताडाखाली रिकामा झालासुद्धा. पाड्यानं टाळ्या वाजवल्या. पेंडसे साहेब मला म्हणाले, “शहाणा माणूस आहे. कुणाशी भांडण नाही, कुणाचं नुकसान नाही.” खरं सांगायचं तर मलाही तेच वाटलं होतं.

लाडकीबाय विटांच्या ढिगावर जाऊन बसली. “नाय.”

रमेशनं तिला समजावलं. तिचा हा मुलगा शांत होता, आईपुढे आवाज चढवणारा नव्हता, पण त्या दिवशी चिडला. “आई, छप्पर टाकला तं काय बिघडतं? विहीर वाचंल ना!”

“शिवेवर उभा आहा तो. चारी दिशा बघतो. भिंती घातल्यास तर काय बघंल? राखणदाराला कोनी खोलीत कोंडतो?”

“त्येंच्या नकाशात छपराशिवाय देव दिसत नाय, आई.”

“तं नकाशा बदला. त्येंना दिसावा म्हणून मी माझा देव बदलू? आज बोलतात छप्पर नाय तर देव नाय. उद्या बोलतील पाटी नाय तर पाडा नाय. मंग काय करशील?”

पाड्याला हे पटलं नाही. माणसं तिच्याशी बोलेनाशी झाली. बायका विहिरीवर तिला ऐकू जाईल अशा बेतानं बोलायच्या की हिच्या हट्टापायी विहीर गेली तर पाणी हिनंच डोक्यावरून आणावं. हे तिला लागलं. ती घागर घेऊन निघून गेली. पुढे काही दिवस ती दुकानावर बसायची, पण फूल माळलेलं नसायचं.

मग एका सकाळी जाऊन बघतो तर विटांचा ढीग निम्मा झालेला. मी धसकलो, वाटलं देऊळ सुरू झालं. आवाज विहिरीकडून येत होता. लाडकीबाय पदर खोचून विटा पुढे करत होती, रमेश सिमेंट कालवत होता, आणि कालपर्यंत तिला टोमणे मारणाऱ्या बायका ओळीनं घमेली पुढे देत होत्या. विहिरीला कठडा उठला होता. शेजारी धुण्याला ओटाही निघाला होता. वाघदेव आपल्या जागी उन्हात, जसाच्या तसा.

भाऊ फोटोवाल्याला घेऊन आले आणि लालबुंद झाले. “अहो, विटा मी देवाच्या नावानं दिल्या होत्या!”

“देवानंच दिल्या,” लाडकीबाय म्हणाली. “विहिरीला कठडा नव्हता. पोरं वाकून बघतात, जीव वर जातो. काढा फोटो.”

भाऊंनी फोटो काढला नाही. जाताना उरलेल्या विटा मात्र उचलून नेल्या.

जनसुनावणी डहाणूत एका सभागृहात झाली. व्यासपीठावर समिती, खाली शहरातले सभ्य लोक पहिल्या रांगांत, बारवाले शेठ मधल्या रांगांत, आणि अगदी मागे पाडा. रुबीसुद्धा आली होती, साध्या सलवार-कमीजमध्ये, रमेशच्या बायकोशेजारी बसलेली. पेंडसे साहेबांनी आढावा वाचला. शेवरपाडा हे नाव आलं तेव्हा अध्यक्षांनी ठरल्याप्रमाणे विचारलं की परिसरात शाळा, दवाखाना, धार्मिक स्थळ आहे काय, आणि साहेबांनी लिहिल्याप्रमाणे वाचलं की नकाशात नाही.

“आहा!” मागून आवाज आला.

लाडकीबाय पुढे आली. नवं गुलाबी लुगडं, अंबाड्यात शेवरीचं लाल फूल. माइक तिनं ताडीचा ग्लास धरतात तसा धरला. “आमचा वाघ आहा तठं. तो मोजा.”

पहिल्या रांगेतला एक जण उभा राहून म्हणाला, “ही बाई स्वतः ताडी विकते. हिला काय अधिकार?” सभागृहात हशा पिकला.

“विकते,” ती म्हणाली. “सकाळची विकते. ऊन चढला का मडक्यावर फडका. तुमचे बार कवा फडका टाकतात?”

हशा तिथेच थांबला. मागून पाड्यानं मात्र शिट्टी मारली. अध्यक्षांनी टेबल वाजवलं आणि शांतपणे सांगितलं, “बाई, नकाशात तिथे काही दाखवलेलं नाही. उघड्यावरच्या प्रत्येक दगडाला आम्ही धार्मिक स्थळ धरायला लागलो तर काम कसं चालेल? तो देव आहे हे पाड्याबाहेरचं कुणी सांगेल का?”

लाडकीबाय वळली आणि तिनं सरळ पेंडसे साहेबांकडे बोट केलं. “त्येंना विचारा. त्येंनी काठ्या टेकवल्या होत्या त्याला. मी ओरडले तवा हात जोडले. देव नव्हता तं हात कोनाला जोडलंस, साहेब?”

सगळं सभागृह साहेबांकडे बघायला लागलं. मी शेजारीच बसलो होतो. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आमच्या कंपनीला पुढची कामंही याच लोकांकडून मिळायची होती. साहेब उठून उभे राहिले.

“बाई खरं सांगताहेत,” ते म्हणाले. “तिथे देव आहे. मी नमस्कार केला होता. नकाशात यायला हवा होता, तो आला नाही.” मग जरा थांबून ते तिच्याकडे वळले. इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली काम करतोय, पण त्यांचा आवाज इतका मऊ झालेला मी ऐकला नव्हता. “पण बाई, एक लक्षात घ्या. मसुद्यात बारच्या आणि लॉजच्या यादीत शेवटी ताडीचं दुकानही आहे. वाघदेवाचा ठिपका पडला की गोलात सगळ्यात आधी तुम्ही याल. परवाना जाईल. तुम्ही त्याच्या पुढ्यातच बसता. समजलं ना? लावू ठिपका?”

मागे रमेश उभा राहिलेला मी पाहिला. घर त्या ताडांवर चालत होतं. त्याचं अर्धं आयुष्य त्या झाडांवर चढण्यात गेलं होतं. यादी हाताळूनही माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. पाड्यातही कुणाला हे तोवर सुचलं नव्हतं, कारण ताडी आणि बार एकाच यादीत असतील असं तिथल्या कुणाच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. मला वाटलं, आता बाई वेळ घेणार. फडकं नाही, माश्या नाहीत, ट्रक नाहीत, तरी कुठेतरी बघत राहणार.

“लावा,” ती म्हणाली. साहेबांचा प्रश्न संपतो न संपतो तोच.

माइक खाली ठेवून ती मागे गेली. बायकांनी सरकून तिला जागा केली. ज्या बायका तिच्याशी बोलत नव्हत्या त्यातल्याच एकीनं तिचा हात आपल्या हातात धरला आणि सुनावणी संपेपर्यंत सोडला नाही.

ठिपका पडला. क्षेत्राची आखणी नव्यानं करायला परत गेली आणि त्यातून शेवरपाडा वगळला गेला. वरच्या उतारावर आज गवत आहे, खाली विहिरीला पाणी आहे. लाडकीबायचं दुकान मात्र बंद झालं. रमेश तलासरीच्या एका कारखान्यात पाळी करायला लागला. ती उन्हाळ्यात ताडगोळे आणि पावसाळ्यात रानभाज्या घेऊन त्याच दगडावर बसायची. मी एकदा चुकून “वाईट वाटतं हो” म्हणालो. तिनं मला चांगलंच फैलावर घेतलं. “मला कोनी बंद केला नाय, मास्तर. मी बंद केला. ह्यात फरक आहा.”

ती गेली ते मला रमेशच्या फोनवरून कळलं. साधा ताप होता, अंगावर काढला. दवाखान्यात चल म्हटल्यावर काय म्हणाली असेल ते मी रमेशला विचारलं नाही. फोन ठेवला आणि ऑफिसातून उठून बाहेर गेलो. माझ्या नात्याची ना गोत्याची बाई, पण मला रडू आवरलं नाही.

मला ती दिसते ती त्याआधीच्या हिवाळ्यातल्या एका सकाळची. तलासरीहून येताना बघितलं तर ताडांखाली सरकारी जीप उभी. मी गाडी बाजूला घेतली. लाडकीबाय आपल्या दगडावर बसलेली, पुढ्यात एकच मडकं. सुट्टीच्या दिवशी रमेश एखाद्या झाडावर चढत असे. समोर एक तरुण अधिकारी, नव्या नोकरीच्या तोऱ्यातला. इथे विक्रीला बंदी आहे हे माहीत नाही का, म्हणून तो तिला दरडावत होता.

“विकतं कोन?” ती म्हणाली आणि मडक्यातली पहिली धार वाघदेवावर सोडली. मग पळसाच्या पानांचे द्रोण भरायला लागली. विहिरीवरून आलेल्या बायकांना दिले, उभ्या असलेल्या एका ट्रकवाल्याला दिला, केस पुसत बाहेर आलेल्या रुबीला दिला, मला दिला. सवयीनं माझा हात खिशाकडे गेला. तिनं तो फटकन झटकला.

“देवाची आहा. पैसे घेतले तं पकड,” ती अधिकाऱ्याला म्हणाली, आणि एक द्रोण त्याच्यापुढे धरला. “तू पण घे. देवाच्या दारात आलास तं नाय बोलू नये.”

तो गोंधळला. त्यानं जीपकडे पाहिलं, वाघाकडे पाहिलं, आमच्या सगळ्यांकडे पाहिलं. मग टोपी काढून बगलेत धरली, द्रोण कपाळाला लावला आणि प्यायला. सकाळची ताडी, गोड आणि गार. त्याच्या चेहऱ्यावरचा तोरा कुठच्या कुठे गेला. त्यानं ओठ पुसले आणि जरा लाजत रिकामा द्रोण पुन्हा पुढे केला.

लाडकीबायनं कपाळावर हात आडवा धरून उन्हाकडे बघितलं, मडक्यावर फडकं टाकलं आणि म्हणाली, “नाय.”